बाळगुटीचे वेढे

बाळगुटीची औषधे कुटत नाहीत की उकळत नाहीत. ती सहाणेवर उगाळतात. बाळाला न्हाऊमाखू घातले की आजी छोट्या सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब घेई, धुतलेले हळकुंड त्यात टेकवी आणि गोल फिरवी. हा एक फेरा म्हणजे एक वेढा. वेखंड एक, मुरडशेंग दोन, हिरडा दोन असे वेढे मोजून पिवळट चाटण तयार होई, आणि ते चमच्याने किंवा बोंडल्याने बाळाच्या पोटात जाई. बाळ वाढेल तसे वेढे वाढत. पोट फुगले तर वेखंड, झोप लागत नसेल तर जायफळ, जुलाब होत असतील तर मायफळ जास्त. वजनकाटा नसलेल्या घरात मात्रा ठरवण्याची ही रीत फारच हुशारीची होती. उगाळून खळगा पडलेला हिरडा पुसून, वाळवून डब्यात परत जाई आणि पुढच्या भावंडाला उपयोगी पडे.

चाटणाची चाल जुनी आहे. बालरोगांवरच्या काश्यपसंहितेतल्या लेहाध्यायात धुतलेल्या दगडावर पाण्यात सोने उगाळून, मध-तुपात कालवून बाळाला चाटवायला सांगितले आहे. हा ग्रंथ नेपाळातल्या खंडित हस्तलिखितावरून छापला गेला तो थेट विसाव्या शतकात. तेव्हा घरोघरच्या बायका काही तो वाचून सोने उगाळत नव्हत्या.

गुटीला घरगुती म्हणतात, पण डब्यातला माल घरचा नव्हताच. बाळहिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतला; तो गोळा करणारे बहुतेक महादेव कोळी. पिळाची मुरडशेंगही सह्याद्रीतलीच, आणि पोटातला मुरडा थांबवण्यावरून तिला नावही शोभते. अतिविष मात्र हिमालयातून येई. मायफळ हे फळ नव्हेच. पश्चिम आशियातल्या ओक वृक्षावर किडीमुळे धरणारी ती गाठ. जायफळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगभर जाई ते बांदा बेटांतूनच. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याच्या पोर्तुगीज ग्रंथात वेखंड, हिरडा आणि जायफळ यांवर संवाद आहेत, म्हणजे हा सारा माल तेव्हाही बाजारात ओळखीचा होता. घराच्या वाट्याला उगाळणे तेवढे होते. बाकी सगळे काष्ठौषधीच्या दुकानदाराकडून.

शहरात उगाळायला हातच उरले नाहीत, तेव्हा चाल बिघडली. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्याला ‘बाळागोळी’ देत. तिच्यात अफू असे. पाळी संपेपर्यंत मूल निपचित पडून राही. गुटीच्या जायफळाने गुंगी येई, पण वेढ्यांचा हिशोब राही. तयार गोळीत तोही गेला. त्याच सुमारास विलायती ग्राइप वॉटरची बाटलीही घराघरांत शिरली. ते इंग्लंडात 1851 पासून विकले जात होते.

आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात. सहाण नीट धुतली नाही तर जंतू पोटात जातात, वर्षाच्या आत मध धोक्याचा ठरतो, आणि वेखंडातले असारोन हे द्रव्यही संशयाखाली आहे. तरीही गुटीचा संच दुकानात मिळतो, सोबत वेढ्यांचा छापील तक्ताही.