हरवलेल्या छायाचित्रांचा शोध: नोंदवहीपासून मजकुरापर्यंत

डिस्कवर साठवलेल्या प्रत्येक छायाचित्राचे दोन भाग असतात: एक चित्राचा प्रत्यक्ष मजकूर आणि दुसरा तो मजकूर डिस्कच्या कोणत्या भागात आहे हे सांगणारी नोंद. बाह्य ड्राइव्हवरील संग्रह 'बिघडला' असे म्हटले जाते, तेव्हा बहुधा बिघडलेली असते ती नोंद. म्हणूनच छायाचित्रे परत मिळवण्याच्या तंत्राचा इतिहास हा प्रामुख्याने नोंदीवरील विसंबणे हळूहळू कमी होत गेल्याचा इतिहास आहे.

मायक्रोसॉफ्टमध्ये १९७७ च्या सुमारास तयार झालेल्या आणि पुढे डॉसबरोबर सर्वत्र पसरलेल्या 'फॅट' या फाइल-व्यवस्थेत फाइल पुसली की तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी 'ई५' ही खूण येई आणि तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदली जाई. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राही. सातबाऱ्यावरचे नाव खोडल्याने जमीन नाहीशी होत नाही, तशातला हा प्रकार होता. पीटर नॉर्टन यांच्या १९८२ मधील 'नॉर्टन युटिलिटीज'मधील 'अनइरेज' या सोयीने नेमका याचा लाभ घेतला आणि खोडलेली नोंद पुन्हा उभी केली.

नोंदवहीच नष्ट झाली, तर मात्र हा उपाय निरुपयोगी ठरे. येथे १९९२ मध्ये प्रमाणित झालेले जेपेग हे स्वरूप उपकारक ठरले, कारण जेपेग चित्राचा आरंभ 'एफएफ डी८' या आणि शेवट 'एफएफ डी९' या ठरावीक बाइटांनी होतो. डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचत जाऊन अशा खुणांच्या आधारे फाइली वेगळ्या काढण्याच्या पद्धतीला 'फाइल कार्व्हिंग' म्हणतात. अमेरिकी हवाई दलाच्या तपास विभागातील क्रिस केंडल आणि जेसी कॉर्नब्लम यांनी लिहिलेले 'फोरमोस्ट' हे साधन गुन्ह्यांच्या तपासासाठी होते. क्रिस्तोफ ग्रेनिए यांच्या 'फोटोरेक'ने हीच पद्धत सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत विनामूल्य पोहोचवली.

तथापि एकाच चित्राचे तुकडे डिस्कवर दूरदूर विखुरलेले असले की ही पद्धत अडखळते आणि चित्राचा वरचा भाग स्वच्छ, तर खालचा करडा किंवा भलत्याच रंगांच्या पट्ट्यांचा दिसू लागतो. संगणकशास्त्रज्ञ सिमसन गारफिंकेल यांनी शेकडो जुन्या, वापरलेल्या डिस्क तपासून २००७ मध्ये दाखवले, की त्यांवरील जेपेग फाइलींपैकी सुमारे १६ टक्के अशा विखुरलेल्या होत्या. दोनच तुकड्यांत विभागलेल्या फाइली जुळवण्याची रीतही त्यांनी मांडली.

दरम्यान छायाचित्र-संग्रहाला नोंदींचा आणखी एक थर मिळाला होता. ॲपलच्या २००२ मधील 'आयफोटो'त आणि २०१५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या 'फोटोज'मध्ये मूळ चित्रे एका पुडक्यात ठेवलेली असून अल्बम, शीर्षके, व्यक्तींची नावे आणि फेरफार यांचा हिशेब वेगळ्या डेटाबेसमध्ये असतो. लेखन चालू असताना ड्राइव्हची तार निघाली, तर हा डेटाबेस अर्धवट राहू शकतो. तो दुरुस्त झाला नाही, तर कार्व्हिंगने चित्रे मिळतात, पण ती नावांविना आणि क्रमाविना. अशा वेळी चित्राच्या फाइलीतच नोंदलेल्या, 'एक्झिफ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिनांक-वेळेच्या माहितीवरून क्रम लावता येतो, अल्बमांची रचना मात्र परत येत नाही.

या अनुभवातून पुनर्प्राप्तीच्या व्यवसायाचा पहिला नियम रूढ झाला: मूळ ड्राइव्हवर काहीही लिहू नये, 'डीडीरेस्क्यू'सारख्या साधनाने आधी सुस्थितीतील भाग आणि मग सदोष भाग वाचून पूर्ण प्रत करावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवरच करावी. चुंबकीय डिस्कवर जोपासलेल्या या कौशल्याला चिपांवर मजकूर साठवणाऱ्या एसएसडी ड्राइव्हने मात्र मर्यादा घातली. तीत 'ट्रिम' या आज्ञेने पुसलेल्या फाइलींची जागा ड्राइव्हला कळवली जाते आणि ड्राइव्ह ती स्वतःच रिकामी करते, त्यामुळे नोंदीबरोबर मजकूरही जातो. ज्या अवशिष्ट मजकुरावर नॉर्टनपासून ग्रेनिएपर्यंतची सारी साधने उभी होती, तोच जिथे उरत नाही, तिथे पुनर्प्राप्तीची जागा आधीच करून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीलाच घ्यावी लागते.