कीचकवधांतील हास्य

वऱ्हाडांतील धनज गांवाहून उत्तरेस निघून अमरावती व परतवाडा मागें टाकिलें, कीं सातपुड्याच्या चढावर चिखलदरा लागतो. धनज आज वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांत मोडतें. १९९८ पूर्वीं तें अकोला जिल्ह्यांत होतें. जिल्ह्यांच्या सीमा फिरल्या, तरी या टापूंतील एक कथा मात्र जागची हललेली नाहीं. भीमानें कीचकास मारून ज्या दरींत फेकिलें ती कीचकदरा, तिचेंच पुढें चिखलदरा झालें. आणि रक्तानें भरलेले हात त्यानें जेथें धुतले तें भीमकुंड. जवळच वैराट नांवाचें उंच ठिकाणहि आहे. पंडित विराटाची राजधानी जयपुराजवळील बैराटास नेऊन ठेवितात, आणि वाईकर ती आपल्याकडे ओढतात. आम्हांस या वादांत पडावयाचें नाहीं. एका खुनाची जागा आपल्याच शेजारीं असावी, अशी हौस इतक्या प्रांतांस कां व्हावी, हा प्रश्न आम्हांस अधिक मौजेचा वाटतो.

सूड आणि हास्य यांचें नातें जुनें आहे. १९४९ सालीं इंग्लंडांत ‘काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्‌स’ हा बोलपट निघाला. आईस टाकून देणाऱ्या सरदार घराण्यांतील एकेक असामी त्यांतील नायक मोठ्या सभ्यपणें वाटेंतून दूर करीत जातो, आणि प्रेक्षक हसत राहतो. ही कला इंग्रजांचीच, असें समजणाऱ्या आमच्या पदवीधर मित्रांनीं विराटपर्व पुन्हां एकदां उघडावें.

कीचक हा सुदेष्णा राणीचा भाऊ व विराटाचा सेनापति. भर दरबारांत तो सैरंध्रीस लाथ मारितो. राजा गप्प बसतो. कंकाच्या वेषांतील धर्मराज तर तिलाच म्हणतो, नटीसारखी रडत धांवूं नकोस, द्यूतांत व्यत्यय येतो. बल्लव झालेला भीम संतापून एका झाडाकडे पाहूं लागतो, तेव्हां प्रचलित पाठांत धर्मराज त्यास विचारितो, “आचाऱ्या, सरपणासाठीं झाड पाहतोस काय? लाकूड हवें तर बाहेरून आण.” अज्ञातवास फुटूं नये म्हणून केलेली ही बतावणी खरी, पण लाथ खाल्लेल्या स्त्रीच्या कानांस ती कशी लागली असेल! राजसभेंत दाद मिळेना, तेव्हां द्रौपदी रात्रीं पाकशाळेंत जाते, आणि बेत तेथें ठरतो.

नर्तनशाळा दिवसां मुलींच्या नृत्यानें गजबजलेली, रात्रीं ओस. अंधारांत पलंगावर भीम निजतो. कीचक नटूनथटून येतो, चांचपतो, आणि घरच्या बायका आपल्या रूपाची कशी वाखाणणी करितात तें सांगूं लागतो. भीम म्हणतो, देखणा आहेस खरा, पण असा स्पर्श तुला पूर्वीं कधीं घडला नसेल! यानंतर हातपाय व डोकें धडांत कोंबून त्याचा गोळा करण्यांत येतो. लोक मशाली घेऊन येतात आणि याची मान कोठें, हात कोठें, असें एकमेकांस पुसूं लागतात. हें काम एका आचाऱ्यानें केलें आहे, हें विसरूं नये. पुढें कीचकाचे १०५ भाईबंद सैरंध्रीस प्रेताबरोबर जाळावयास नेतात, तेव्हां भीम एक झाड उपटून त्यांचाहि निकाल लावितो. धर्मराजानें सांगितलेलें लाकूड अखेर बाहेरूनच आलें.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं १९०७ सालीं हें कथानक रंगभूमीवर आणिलें, तेव्हां महाराष्ट्र हसण्याच्या मनःस्थितींत नव्हता. वंगभंगास दोन वर्षें झालीं होतीं. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे भारतभूमि, धर्मराज म्हणजे मवाळ व भीम म्हणजे जहाल, हें प्रेक्षकांस समजावून सांगावें लागलें नाहीं. सरकारासहि तें समजलें; १९१० सालीं ‘कीचकवधा’वर बंदी आली, आणि त्याच वर्षीं व्हॅलेंटाईन चिरोल यांनीं आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ ग्रंथांत या नाटकाची दखल घेतली. पुराणांतल्या सेनापतीच्या रक्षणास इंग्रजी कायदा धांवून आला, ही गोष्ट व्यासांच्या विनोदास शोभण्यासारखीच आहे.

तरी या रूपकांत धर्मराजावर थोडा अन्यायच झाला, असें आमचें मत आहे. ओळख पटती तर पुन्हां बारा वर्षांचा वनवास, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. भीमहि तो हिशेब मोडीत नाहीं. म्हणून तर तो दरबारांत न मारतां अंधारांत मारितो. जहालानें मवाळाची अट पाळून घेतलेला हा सूड आहे. १९०७ च्या सुरत येथील फुटींत पोळलेल्या प्रेक्षकास मात्र कथेंतील हा समेट दिसणें कठीण होतें.

चित्रपटवाल्यांसहि या कथेनें लवकरच ओढून घेतलें. मद्रासेस नटराज मुदलियार यांनीं १९१७-१८ च्या सुमारास ‘कीचकवधम्’ काढिला. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० सालीं पडद्यावर आला. त्यासाठीं लागणारा कॅमेराहि बाबूरावांनीं कोल्हापुरांतच घडविला होता. त्यांतील वधाचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला, कीं सेन्सॉरमुळें तो गाळावा लागला. नाटकास अर्थ भोंवला, चित्रपटास रक्तमांस. नंतर, प्रसंग मूळचा काळोखांतला असूनहि, प्रभात कंपनीनें १९३३ सालीं व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखालीं ‘सैरंध्री’ रंगांत काढिला. रंगांची प्रक्रिया जर्मनींत करून आणिली होती. येथील पडद्यावर ते रंग मनासारखे उतरले नाहींत.