प्रसंगनिर्णय कसोटी

नोकरीत उद्‌भवणारा एखादा प्रसंग उमेदवारापुढे मांडून त्याच्या निर्णयशक्तीची परीक्षा घेणारी मानसशास्त्रीय कसोटी. सहकाऱ्याचे काम रखडल्यास ते आपणच उरकावे, वरिष्ठांकडे तक्रार करावी, की त्याच्याशी बोलून अडचण समजून घ्यावी, हा संघकार्यविषयक प्रश्नांचा नेहमीचा नमुना होय.

या कसोटीचे मूळ सामाजिक बुद्धिमत्तेच्या मापनात आढळते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये ही संकल्पना मांडली. १९२६ च्या सुमारास जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात मॉस व त्यांचे सहकारी यांनी रचलेल्या कसोटीत सामाजिक प्रसंगांतील निर्णयाचा स्वतंत्र विभाग होता. तथापि रॉबर्ट थॉर्नडाइक व स्टाइन यांनी १९३७ मध्ये तिचे परीक्षण करून, ती शाब्दिक बुद्धिमत्तेपासून वेगळे असे काही मोजते काय, याविषयी शंका उपस्थित केली. हा आक्षेप पुढेही या कसोट्यांचा पाठपुरावा करीत राहिला.

दुसऱ्या महायुद्धात अधिकारी निवडताना ब्रिटनने वेगळा मार्ग चोखाळला. १९४२ पासून तेथील निवड मंडळांत उमेदवारांच्या गटाला नेता न नेमता काम दिले जाई व प्रत्येकाचे वर्तन न्याहाळले जाई. या पद्धतीमागे विल्फ्रेड बिऑन यांची कल्पना होती. भारतात असे मंडळ १९४३ मध्ये डेहराडून येथे सुरू झाले. भारतीय सैन्यदलांच्या निवडीत गटकार्याबरोबरच प्रसंग-प्रतिक्रिया कसोटीही घेतली जाते. तीत ३० मिनिटांत ६० प्रसंगांना उत्तरे द्यावयाची असतात. पर्याय दिलेले नसल्याने उत्तर उमेदवारास स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते.

आधुनिक रचनेला जॉन फ्लॅनगन यांच्या निर्णायक प्रसंग तंत्राचा (१९५४) आधार मिळाला. अनुभवी कर्मचाऱ्यांकडून खरे प्रसंग गोळा करून त्यांवरून प्रश्न रचले जातात व तज्ञांच्या मतानुसार गुण ठरविले जातात. १९९० मध्ये मोटोविड्‌लो, डनेट व कार्टर यांच्या संशोधनाने या पद्धतीस नवी चालना मिळाली. संघकार्यासाठी स्टीव्हन्स व कॅम्पियन यांनी १९९४ मध्ये संघर्षनिवारण, सहकार्याने समस्या सोडविणे, संज्ञापन, ध्येयनिश्चिती आणि नियोजन व समन्वय ही पाच क्षेत्रे निश्चित केली व त्यांवर ३५ प्रश्नांची कसोटी रचली. तिचे गुण कार्यक्षमतेशी निगडित आढळले. परंतु सामान्य क्षमता कसोट्यांशीही त्यांचा निकटचा संबंध दिसून आला (१९९९). १९३७ चा आक्षेप अशा रीतीने पुन्हा समोर आला.

उत्तर देताना सूचनेच्या शब्दरचनेला महत्त्व असते. ‘काय करणे योग्य ठरेल?’ हा प्रश्न मुख्यतः ज्ञान तपासतो, तर ‘तुम्ही काय कराल?’ हा स्वभावाचा कल. मॅक्‌डॅनियल व इतरांच्या २००७ मधील विश्लेषणानुसार पहिल्या प्रकारचा बुद्धिमत्तेशी, तर दुसऱ्याचा व्यक्तिमत्त्वगुणांशी अधिक संबंध असतो. दुसऱ्या प्रकारात प्रामाणिक उत्तराऐवजी अपेक्षित उत्तर देण्याचा मोहही अधिक असतो. संघकार्याच्या प्रश्नांत सामान्यतः प्रथम संबंधित सहकाऱ्याशी थेट संवाद, नंतर जरुरीप्रमाणे वरिष्ठांचे साहाय्य, हा क्रम ग्राह्य मानला जातो. मात्र सुरक्षिततेस वा रुग्णाच्या जीवितास धोका असल्यास वरिष्ठांना तत्काळ कळविणे इष्ट ठरते.

योग्य मार्ग ओळखणारा उमेदवार प्रत्यक्षात त्याच मार्गाने जाईलच, याची हमी ही कसोटी देऊ शकत नाही. म्हणून तिच्या जोडीला मुलाखत, गटकार्य यांसारख्या अन्य साधनांचाही अवलंब करणे आवश्यक मानले जाते.