हैदराबादेतील भाषांतराची परंपरा आणि संगणकाची मराठी

दिलसुखनगरच्या मेट्रो स्थानकावर गाडीची वाट पाहत उभे असता उद्‌घोषणा कानी पडतात. त्या तेलुगू, हिंदी व इंग्रजी भाषांत होतात. वाक्याचा सांगाडा ठरलेला असतो. त्यात केवळ स्थानकाचे नाव बदलते. हीच उद्‌घोषणा मराठीत करावयाची झाली तर कसे होईल, असा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो. 'पुढील स्थानक' या शब्दांनंतर कोणतेही नाव सुखाने बसेल. परंतु 'ही गाडी अमक्या ठिकाणी जाते' असे म्हणावयाचे झाल्यास 'दिलसुखनगरला' सहज जमेल, 'मूसारामबाग' या नावाचे मात्र 'मूसारामबागेला' करावे लागेल. आणि यंत्राने 'पुणे' या नावास नुसता 'ला' जोडला, तर 'पुणेला' असे ऐकून कोणाही मराठी माणसास हसू येईल. नाम विभक्तीपूर्वी आपले रूप पालटते, हे आम्ही पाचवीच्या वर्गात शिकवितो. यंत्रास ते कोणी शिकविलेले नसते.

संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या आज्ञावलीतील मजकूर दुसऱ्या भाषेत उतरविणे आणि त्याबरोबर तारखा, अंक, चलन, वर्णक्रम व संबोधनाची रीत ही त्या भाषिकांच्या वळणास आणणे, या कार्यास आज स्थानिकीकरण असे नाव आहे. हे नाव नवे असले तरी कार्य नवे नाही. निदान हैदराबादेत तरी नाही. या नगरीच्या भाषिक इतिहासाकडे पाहिल्यास आजच्या चुकांची कारणे अधिक स्पष्ट होतात, असे आम्हांस वाटते. म्हणून हा अल्प प्रयत्न.

निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेली टपालाची तिकिटे ज्यांनी पाहिली असतील, त्यांस आठवेल की त्या इवल्याशा कागदावर तिकिटाची किंमत फार्सी, इंग्रजी, तेलुगू व मराठी अशा चारही लिप्यांत छापलेली असे. राज्यकारभाराची भाषा एक, प्रजेच्या भाषा अनेक. तेव्हा प्रत्येकास आपला आणा आपल्या अक्षरांत वाचता यावा, एवढी साधी व्यवस्था त्यात होती. ती साधली, कारण सांगावयाचे होते ते केवळ एक नाम व एक संख्या. वाक्य रचावयाचे नव्हते. कोठल्याही भाषांतराचा हा सर्वांत सोपा प्रकार होय.

कठीण प्रकार १९१७ साली आरंभिला गेला. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ काढण्याचा निर्णय झाला आणि पाठ्यग्रंथांसाठी 'दार-उल-तर्जुमा' म्हणजे भाषांतर-विभाग स्थापन झाला. आरंभी त्याची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा, इतिहास अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणावयाचे, तर आधी परिभाषा हवी. म्हणून भाषाकोविद आणि त्या त्या विषयाचे जाणकार एकत्र बसून एकेका शब्दाचा खल करीत. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर विद्यापीठाचे माध्यम पालटले आणि त्या परिभाषेचे घरच गेले. शब्द उत्तम घडविले होते, पण ज्या वर्गांत ते रोज उच्चारले जात ते वर्गच उरले नाहीत. शब्दाचे आयुष्य कोशात नसून वापरात असते, हा त्या प्रयोगाचा धडा आहे.

मराठीस हा धडा त्याहून पुष्कळ आधी मिळाला होता. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकानंतर रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. फार्सी राज्यव्यवहाराच्या शब्दांस संस्कृत पर्याय देणारे ते कार्य अलौकिक खरे. तथापि कागद, दप्तर, शाई, जमा, खर्च हे शब्द आजही आमच्या जिभेवर आहेत. कारण लोकांनी ते पूर्वीच आपले करून त्यांस मराठी विभक्ती लावली होती. शब्द परका असला तरी चालतो. मात्र तो आपल्या व्याकरणात नांदला पाहिजे. 'फाइल' हा शब्द 'फाइली', 'फाइलीत', 'फाइलींचा' असा चालू लागला की तो मराठीच झाला. 'धारिका' किंवा 'संचिका' म्हणण्यास आमची हरकत नाही. पण ज्याच्या हाती यंत्र आहे त्याला तो शब्द ओळखीचा वाटतो की नाही, हे आधी पाहावे.

आता संगणकाकडे वळू. मराठी अक्षरे यंत्रात सुखरूप राहावीत याकरिता पुण्याच्या सी-डॅक संस्थेने फार मोठे कार्य केले आणि १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युनिकोडाची पहिली आवृत्तीही निघाली आणि देवनागरीस जगाच्या लिप्यांच्या पंक्तीत स्थान मिळाले. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हा भेद हिंदीस लागत नाही, मराठीस लागतो. त्याची सोय त्या संकेतांत करावी लागली. 'ॲ' या अक्षरास तर युनिकोडात स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. अक्षरांचा प्रश्न अशा रीतीने बहुतांशी सुटला. वाक्याचा प्रश्न मात्र तेथून पुढे सुरू झाला.

या कामाची यंत्रणा वाचकांनी समजून घ्यावी अशी आहे. पूर्वी आज्ञावलीतच इंग्रजी वाक्ये कोरलेली असत. भाषा बदलावयाची तर आज्ञावलीच फोडावी लागे. पुढे ही वाक्ये बाहेर काढून वेगळ्या यादीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. १९९५ साली निघालेले 'ग्नू गेटटेक्स्ट' हे साधन तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. यादीत डावीकडे मूळ वाक्य, उजवीकडे भाषांतर. यंत्र वापरणाऱ्याची भाषा पाहून योग्य ते उचलते. आज्ञावली लिहिणारा एक आणि भाषांतर करणारा दुसरा, अशी श्रमविभागणी झाल्याने जगभरच्या स्वयंसेवकांस हे काम करता आले.

परंतु या विभागणीतच दोषाचे बीज आहे. भाषांतरकारापुढे येते ती केवळ यादी. शब्द कोठे उमटणार हे त्यास दिसत नाही. 'ओपन' या एका शब्दाचे 'उघडा' करावे की 'उघडे आहे'? 'लेफ्ट' म्हणजे डावीकडे की शिल्लक राहिलेले? 'नो' म्हणजे नाही की क्रमांक? म्हणून पुढे प्रत्येक नोंदीबरोबर संदर्भ लिहिण्याची सोय झाली. सोय झाली, पण आज्ञावली लिहिणारा ती वापरण्याचे कष्ट नेहमी घेतोच असे नाही.

दुसरा दोष वाक्य तोडण्याचा. 'दहापैकी तिसरे पान' हा मराठीचा क्रम. इंग्रजीत तिसरे आधी येते व दहा नंतर. मूळ वाक्याचे तुकडे करून वेगवेगळे भाषांतरिले की 'पान ३ चे १०' असे काहीतरी निपजते. क्रियापदाचेही तेच. फाइल जतन झाली, चित्र जतन झाले, दस्तऐवज जतन झाला. आणि एक फाइल हटवली, पाच फाइली हटवल्या. लिंग व वचन यांनी आमचे वाक्य बांधलेले आहे. त्यात रिकामी जागा ठेवून नंतर शब्द कोंबता येत नाही. जाणते लोक म्हणूनच पूर्ण वाक्य भाषांतरासाठी देतात, बदलत्या शब्दांच्या जागा मागेपुढे हलविण्याची मुभा ठेवतात आणि एकवचन-अनेकवचनाची निराळी वाक्ये मागून घेतात.

हा सारा विचार केवळ व्याकरणप्रेमाचा नाही, हे आम्हांस एका प्रसंगाने शिकविले. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पालकांस संदेश पाठविणारी एक आज्ञावली आली. तिच्यात मराठीची निवड होती, याचा आम्हांस केवढा आनंद झाला! या परप्रांतात आमच्या मुलांच्या घरी मराठीत चार ओळी जातील, हीच मोठी गोष्ट. पहिल्याच आठवड्यात नांदेडकडून येथे स्थायिक झालेले एक पालक भेटीस आले. त्यांची कन्या तापाने घरी होती, आणि संदेश आला होता की 'आपला मुलगा आज शाळेत आला नाही'. ते रागावले नव्हते. थोडे हसून म्हणाले, "सर, इंग्रजीच राहू द्या. त्यात निदान चूक आम्हांस कळत नाही." त्यानंतर एकामागून एक घरांनी भाषा बदलून घेतली. मराठीची सोय उपलब्ध असूनही मराठी मागे पडली, आणि ती कोणाच्या द्वेषाने नव्हे, तर एका रिकाम्या जागेमुळे. 'आपले पाल्य आज अनुपस्थित आहे' एवढे लिहिले असते तरी निभावले असते.

यावर उपाय नाही असे नाही. २००८ साली 'रेड हॅट' कंपनीत 'फ्युएल' नावाचा उपक्रम सुरू झाला. पडद्यावर वारंवार येणारे शब्द निवडून त्यांचे प्रतिशब्द भाषिकांच्या समूहाने एकत्र बसून ठरवावेत, अशी त्याची रीत. मराठीची यादीही त्यात झाली. दार-उल-तर्जुमाच्या बैठकीचे हे नवे रूपच म्हणावयाचे. आमच्या हैदराबादेतील ट्रिपलआयटी संस्थेने भारतीय भाषांमधील यंत्रभाषांतराच्या संशोधनात पुढाकार घेतला, आणि २०२२ साली केंद्र शासनाने 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. आता यंत्र स्वतःच वाक्ये भाषांतरित करू लागले आहे. ते वेगाने करते. परंतु त्या संदेशापलीकडे मुलगी आहे की मुलगा, हे त्यास सांगितल्यावाचून कळणार नाही. सांगणारा माणूस लागणारच.

तो माणूस कोण? आमच्या मते तो मराठीचा शिक्षक होय. आज्ञावली लिहिणाऱ्यास व्याकरण येत नाही व व्याकरण जाणणारास यादी दिसत नाही, ही दरी कोणी तरी भरली पाहिजे. विवेकवर्धिनीसारखी संस्था १९०७ पासून या नगरीत मराठी जपत आली, ती दुसऱ्या कोणी सोय करून दिली म्हणून नव्हे. आमच्या परिषदांनी व शाळांनी अशा याद्या मागवून घ्याव्यात, पडद्यावर शब्द कोठे उमटतो ते पाहून त्या तपासाव्यात आणि मुलांकडूनही तपासून घ्याव्यात. सामान्यरूपाचा याहून जिवंत पाठ आम्हांस ठाऊक नाही. आमच्या शाळेत हे काम आम्ही आरंभिले आहे. तो संदेश दुरुस्त करून घेण्यास आठ महिने लागले. परंतु दुरुस्ती झाल्यावर पहिला निरोप ज्या घरी गेला, ते घर त्याच पालकांचे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाषा पुन्हा मराठी करून घेतली.