घरचे सण (गोवा, वसई व मुंबईतील कॅथलिक कुटुंबांतील)

चर्चच्या दिनदर्शिकेतील सणवार गोवा, वसई आणि मुंबईतील कॅथलिक कुटुंबे घरात ज्या रीतीने पाळतात, त्या प्रार्थना, रिवाज, पक्वान्ने आणि देवाणघेवाण यांना मिळून येथे ‘घरचे सण’ म्हटले आहे. सणाची तारीख चर्चकडून येते, पण त्याचे रूप घर ठरवते. मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, धर्मगुरूंवाचून होत नाही. घरचा सण मात्र त्यांच्यावाचून अडत नाही. आजी, आई किंवा घरातले कोणी वडीलधारे जपमाळ हाती घेते आणि सण सुरू होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली आपल्या एका प्रमुख दस्तऐवजात कुटुंबाला ‘घरातील चर्च’ म्हटले. कोकण किनाऱ्यावरची घरे त्याआधी कित्येक पिढ्या तशीच नांदत होती.

गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० मध्ये आली, वसईत १५३४ मध्ये. धर्मांतरित कुटुंबांनी नवी श्रद्धा स्वीकारली तरी शेती, बोली आणि नारळ-तांदळाचा स्वयंपाक तोच राहिला. गोव्यातील धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, १७३६ च्या हुकूमनाम्याने अनेक घरगुती रिवाजांवर बंदी घातली होती. त्या बंदीनंतरही बरेचसे टिकले, कारण ते लोकांना धर्माचे नव्हे, घराचे वाटत होते. उत्तरेकडे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज फौज आणि परदेशी मठवासी गेले. मागे राहिले ते स्थानिक धर्मगुरू आणि कुपारी, वाडवळ, कोळी अशा समाजांतील शेतकरी-मच्छीमार कुटुंबे. त्या काळात श्रद्धा तगून राहिली याचे मोठे श्रेय घरात रोज संध्याकाळी होणाऱ्या प्रार्थनेला द्यावे लागते. मुंबई बेटे व साष्टीतील मूळच्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्यांच्या गावठाणांतले सण वसईच्या सणांचे सख्खे भाऊबंद आहेत.

सगळ्या घरच्या सणांचे केंद्र म्हणजे अल्तार, घरातली वेदी. गोव्याच्या जुन्या घरांत तो ओरातोर नावाच्या कोरीव लाकडी कपाटात असतो. लहान घरांत भिंतीवरची एक फळी पुरते. तिच्यावर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, मरियेची मूर्ती, घराण्याच्या किंवा गावाच्या आश्रयदात्या संताची प्रतिमा, एक दिवा, पवित्र पाण्याची बाटली आणि तसबिरीमागे खोचलेली मागच्या झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आधीच्या रविवारची) सुकलेली झावळी. वसईत या तसबिरीला झेंडूचा किंवा मोगऱ्याचा हार चढतो. संध्याकाळी चर्चची आमोरीची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा झाली की गोव्यात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होते. वसईत तीच मराठीत होते. जपमाळेची पाच दशके (दहा-दहा मण्यांचे भाग), मग मरियेची स्तुतिमालिका, मग घरातल्या मृतांसाठी एक प्रार्थना, आणि शेवटी मुले थोरांपुढे हात जोडून आशीर्वाद मागतात. गोव्यात त्याला बेसांव म्हणतात. हा आशीर्वाद आधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून घेतात, नंतर वयाच्या क्रमाने. दुरून आलेला पाहुणाही तो देऊ शकतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये जपमाळेच्या जुन्या पंधरा रहस्यांत ‘प्रकाशाची’ पाच रहस्ये घातली. ती गुरुवारी म्हणतात, आणि अनेक घरांत ती नातवंडांकडून आजीआजोबा शिकले.

सणाच्या दिवशी याच प्रार्थनेला लादाइन जोडली जाते. ही मरियेची लोरेतो स्तुतिमालिका. पोप पाचवे सिक्स्टस यांनी तिला १५८७ मध्ये मान्यता दिली. गोव्यात ती लॅटिनमध्ये, दोन-तीन आवाजांत, व्हायोलिनच्या साथीने गायली जाते. ती गाणाऱ्या कित्येकांना लॅटिन येत नसे, तरी एक अक्षर चुकत नसे. लादाइन संपली की उकडलेले चणे आणि खोबऱ्याच्या कातळ्या वाटतात, मोठ्यांना फेणीचा घोट मिळतो आणि यजमानासाठी ‘विवा’चा गजर होतो. घर गरीब असो की श्रीमंत, चणे तेच असतात. शेजारच्या घरातून कोणी आले नाही तर वाटा पोचवला जातो.

सायबीण हा गोव्यातील असाच एक रिवाज. मरियेची मूर्ती गावातल्या एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि प्रत्येक घरी एक रात्र राहते. तिच्यासाठी घर सारवतात किंवा रंगवतात, मखर बांधतात. संध्याकाळी वाड्यातली माणसे मेणबत्त्या घेऊन गात तिला आणायला येतात. ज्या घराचा पुढच्या घराशी अबोला असेल त्यालाही मूर्ती सोपवायला तिथवर चालत जावेच लागते. भांडण मिटवणारी ही रीत कुठल्याही प्रवचनाहून परिणामकारक आहे.

नाताळ हा घरच्या सणांतला सर्वांत मोठा. त्याची तयारी चार रविवारांच्या आगमनकाळापासून होते. वेलीपानांच्या चक्रात चार मेणबत्त्या लावण्याची पद्धत मुळात जर्मन प्रोटेस्टंटांची. हांबुर्गच्या योहान हिन्रिख विशर्न यांनी १८३९ मध्ये गरीब मुलांसाठी तिचे पहिले रूप सुरू केले, आणि आता ती कॅथलिक घरांतही रुळली आहे. येशूजन्माच्या गोठ्याची परंपरा जुनी: संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो येथे जिवंत बैल-गाढवांसह देखावा उभा केला. आपल्याकडे मुले महिन्याभराआधी वाटीत नाचणी किंवा गहू पेरतात. नाताळपर्यंत हिरवी रोपे उगवतात आणि गोठ्याभोवती शेत तयार होते. माती, गवत, कागदाचे डोंगर, आरशाचे तळे आणि दारावर बांबूच्या कामट्यांचा ताऱ्याच्या आकाराचा कंदील. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत गोठ्यात ठेवत नाहीत. ती रिकामी जागा मुलांना जे शिकवते ते शब्दांत सांगून शिकवता येणार नाही.

फराळाचा घाट हा खरा कौटुंबिक सोहळा. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. कुलकुल्या करायला सगळे घर पाटाभोवती बसते: कणकेची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर दाबून वळवायची की शंखासारखी नक्षी उमटते. दोदोलला माडाचा गूळ, नारळाचे दूध आणि तांदळाचे पीठ लागते, आणि ते तांब्याच्या भांड्यात कडा सोडेपर्यंत तासनतास ढवळावे लागते. पुरुषांची वर्णी इथे लागते. बेबिंकाचा एकेक थर वरून निखाऱ्याची धग देऊन भाजल्याशिवाय पुढचा ओतता येत नाही, म्हणून घाईच्या माणसाला बेबिंका जमत नाही. ईस्ट इंडियन घरांत फुग्या होतात. पूर्वी त्यांचे पीठ ताडीने फुगवत. ताडी दुर्मीळ झाली तसे यीस्ट आले, आणि जुन्या माणसांना चवीतला फरक कळतो. जेवणात सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे कालवण, असते. ते सणाच्या दोन-तीन दिवस आधी शिजवून रोज गरम करतात, कारण ते मुरल्यावरच चवीला येते. ईस्ट इंडियन घरांतला मसाला उन्हाळ्यात वाळवून, भाजून, कुटून काळ्या बाटल्यांत दाबून भरलेला असतो; त्यावरूनच त्याचे नाव बॉटल मसाला. म्हणजे डिसेंबरचा सण एप्रिल-मेच्या उन्हात सुरू झालेला असतो.

तयार फराळ ताटात मांडून, वर विणलेला रुमाल झाकून शेजाऱ्यांकडे पोचवतात. गोव्यात या वाट्याला कोन्सुआद म्हणतात. तो जातो हिंदू आणि मुसलमान घरांतही. गणपतीत आणि दिवाळीत ताट उलट दिशेने येते, आणि रिकामे ताट परत करायचे नाही हा नियम दोन्हीकडे सारखा. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तिथे गोडधोड तळत नाहीत. त्या घराचा फराळ शेजारी करतात. या लेखकाच्या मते घरच्या सणांचा गाभा या ताटात आहे. रोषणाई आणि देखावे त्यानंतर येतात.

नाताळचे दिवस ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतात. मग गोठा उतरतो.

भस्म बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होताच, घराचा नूर बदलतो. नियमाने उपवास भस्म बुधवारी आणि गुड फ्रायडेला, तोही १८ ते ५९ वयाच्या माणसांनी करायचा, आणि उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य. घरे मात्र नियमाहून कडक असतात. वसईत चाळीसही दिवस मांसाला न शिवणारी कुटुंबे आहेत. लग्ने थांबतात. गुड फ्रायडेला पेजेवर भागते, रेडिओ-टीव्ही बंद असतो, मोठ्याने बोललेलेही चालत नाही. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झावळी घरी येते आणि वर्षभर अल्तारावर राहते. पुढच्या वर्षी तीच जाळून भस्म होते. ईस्टरच्या आदल्या रात्री आशीर्वादित केलेले पाणी बाटलीत भरून आणतात, आणि पुढच्या आठवड्यांत धर्मगुरू घरोघरी फिरून खोल्यांवर ते शिंपडतात.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातील भारतातला बहुधा सर्वांत पूर्ण घरगुती विधी मात्र कोकणात नाही, केरळमधील संत थॉमसपरंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबांत आहे. पवित्र गुरुवारी रात्री तेथे बिनखमिराची पेसहा अप्पम आणि नारळाच्या दुधाचा गोड पाल करतात. अप्पमवर झावळीचा क्रूस ठेवतात, आणि प्रार्थनेनंतर घरातला कर्ता ती मोडून वयाच्या क्रमाने वाटतो. सुतकाच्या घरी ती शिजवत नाहीत. इतर घरांतून येते. ज्यू वल्हांडणाची इतकी जवळची आठवण भारतात दुसऱ्या कुठल्या ख्रिस्ती घरी सापडणे कठीण.

पाऊस आणि शेती यांना बांधलेले सण वेगळेच रंग धरतात. २४ जूनला गोव्यात सां जांव, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण. गर्भातल्या योहानाने मरियेच्या भेटीने आनंदाने उडी मारली या बायबलमधील प्रसंगाला धरून पुरुष भरलेल्या विहिरीत उड्या घेतात. डोक्यावर पानाफुलांचा कोपेल (मुकुट), हाती घुमट हे वाद्य. आणि त्या वर्षी लग्न झालेल्या जावयाला सासुरवाडीचे खास आमंत्रण. जावयाच्या धोंड्याच्या महिन्याशी याचे नाते मराठी वाचकाला सांगायला नको. जुलैच्या अखेरीस तळावलीच्या संत अ‍ॅनाच्या चर्चमध्ये मूल व्हावे म्हणून जोडपी तवशी अर्पण करतात. ऑगस्टमध्ये नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित होऊन घरी येतात. गोव्यातील राय गावचे कोणसांचे (लोंब्यांचे) फेस्त ५ ऑगस्टचे. मुंबईच्या गावठाणांत हाच सण आगेरा नावाने ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो. मंगळूरकडे तो ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी येतो: नव्या भाताचे दाणे दुधात घालून सगळे कुटुंब एकत्र घेते आणि त्या दिवशी जेवण शाकाहारी असते. जिथे शेत विकले गेले आहे तिथेही लोंबी येते, आणि अल्तारावर लागते.

चर्चने सोडलेले घराने धरून ठेवल्याचे एक ठळक उदाहरण क्रूसाचे. ३ मेचा क्रूसाच्या शोधाचा सण १९६० मध्ये चर्चच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून वगळला गेला. १४ सप्टेंबरचा क्रूसाचा सण राहिला. पण गोव्यातील वाड्यांत आणि मुंबईच्या गावठाणांत मे महिन्यातच क्रूस रंगवतात, फुलांनी मढवतात आणि समोर अंगणात बसून जपमाळ म्हणतात. मुले सुटीवर असतात, पाऊस आलेला नसतो. घराला हा महिना सोयीचा आहे, म्हणून सण तिथेच राहिला.

२ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. कबरी धुवून, झेंडू घालून, मेणबत्त्या लावून सगळे कुटुंब तिथे उभे राहते, आणि ज्यांनी आजोबांना पाहिलेही नाही अशा मुलांना त्यांचे नाव सांगितले जाते.

गेल्या काही दशकांत बदल झाले. दोदोल विकत मिळतो, कुलकुल्या पाकिटात येतात. आखातात आणि ब्रिटनमधील स्विंडनसारख्या शहरांत गेलेली मुले संध्याकाळची जपमाळ फोनच्या पडद्यावर म्हणतात. १२ एप्रिल २०२० चा ईस्टर टाळेबंदीत आला. चर्चची दारे बंद होती, मिस्सा टीव्हीवर होती, आणि झावळी मिळाली नव्हती तिथे अंगणातल्या माडाची तोडून क्रूस करण्यात आला. त्या वर्षी अनेक कुटुंबांना आपला अल्तार नव्याने सापडला. मात्र बहुतेक ठिकाणी जे ओसरत आहे ते पदार्थ नव्हे, पाठांतर आहे: लॅटिन लादाइनचे आवाज आणि सामवेदी, वाडवळी बोलींतली घरगुती प्रार्थना यांची कागदावर फारशी नोंद नाही. घरात अशी एखादी आजी किंवा आजोबा असतील, तर येत्या सणाला त्यांना पुढे बसवून ते सगळे ध्वनिमुद्रित करून ठेवावे.