शहागंजातला गंज

परवा शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याजवळ भाचीने विचारलं, "मामा, शहाला गंज चढला होता का?" हसलो खरा, पण नीट उत्तर देता येईना. घरी येऊन पुस्तकं काढली.

हा गंज लोखंडावरचा नव्हे. फारसीत गंज म्हणजे खजिना. त्यावरून कोठार, मग बाजारपेठ. शब्द मात्र फार जुना. मथुरेच्या सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या शिलालेखात 'गंजवर' भेटतो, म्हणजे खजिनदार.

पश्चिमेकडे हाच शब्द इराणातून ग्रीकमध्ये आणि तिथून लॅटिनमध्ये 'गाझा' होऊन गेला. अर्थ खजिनाच. (गाझा शहराच्या नावाशी याचा संबंध नाही.) खजिनदाराची गोष्ट आणखी गमतीची. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांपैकी एकाचं गास्पार हे नाव या खजिनदारावरूनच आलं, असं मानतात. इंग्रजांकडे तो जास्पर झाला, जर्मनांकडे कास्पर, आणि त्यांच्या बाहुल्यांच्या खेळात तर चक्क विदूषक! पोर्तुगीजांबरोबर हे नाव गोव्यातही उतरलं. पणजीच्या मिरामार किनाऱ्याचं जुनं नाव गास्पार दियाश.

कुठला शब्द आपला आणि कुठला परका, हा वाद आमच्या गावाला नवा नाही. गावाचं नाव २०२३ मध्ये बदललं, तेव्हाही तो घरोघरी झाला. पण कोठाराचा माल काय, शब्द काय, ज्याच्या घरी रोज लागतो त्याचाच होतो, असं मला आपलं वाटतं.

भाचीला हे सगळं सांगितलं. तिचा प्रश्न तयारच होता, "मग खजिना कुठाय?"

मी सीताफळांच्या गाडीकडे बोट दाखवलं.