मिठीचा पूर कुणी आणला?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच मुंबईत, कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही. उपनगरांवर आभाळ फाटलं होतं आणि दुपारी समुद्राला मोठी भरती आली. इथवर सगळं निसर्गाचं.

पण विहार आणि पवई तलावांचं पाणी माहीमच्या खाडीत नेणाऱ्या मिठीची वाट माणसं कधीपासून अडवत आली होती. १८४५ साली माहीम कॉजवे झाला आणि खाडीचं तोंड आवळलं गेलं. पुढे विमानतळाच्या धावपट्टीपाशी नदीला काटकोनात वळावं लागलं. भरतीचं पाणी पोटात घेणाऱ्या खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. काठावर वस्त्या, कारखाने, भंगाराची गोदामं आली. नदीचा नाला झाला.

त्या पावसाने एकट्या मुंबईत चारशेहून जास्त बळी घेतले. पुराचं खापर मात्र आजही आधी फुटतं ते काठच्या झोपड्यांवर. कॉजवे, धावपट्टी आणि काचेच्या इमारतींना अतिक्रमण कुणी म्हणत नाही. पाणी असा भेद करत नाही.